लॅन केबलचं नेट कॉम्प्युटरवरून मोबाईलला वायफायने कसं द्यायचं

कॉम्प्युटरला लॅनची केबल लावलेली आहे, त्यावर नेट मस्त चालतंय, पण हातातल्या मोबाईलला किंवा टॅबला नेट नाही कारण वायफाय राउटरच नाहीये, किंवा राउटर लांब आहे आणि इथपर्यंत त्याची रेंज पोचत नाही. अशा वेळी बरेच जण मोबाईलचा डेटा संपवत बसतात. त्याची गरज नसते, कारण समोरचा कॉम्प्युटरच छोट्या राउटरचं काम करू शकतो आणि त्यासाठी लागणारं सगळं विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीमध्ये आधीपासून दिलेलं आहे.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण म्हणजे या विषयावर सर्च केलं की आधी फ्री हॉटस्पॉट सॉफ्टवेअरच्याच लिंका समोर येतात, नवीन माणूस त्यातलं एखादं डाउनलोड करतो आणि मग त्याच्याबरोबर आलेल्या जाहिराती, बदललेलं होमपेज, आपोआप सुरू होणारे प्रोग्राम काढण्यात दिवस जातो. काही डाउनलोड करू नका. जे लागतं ते सेटिंग्जमध्ये आहे.

आत नक्की काय होतं

सेटिंग्ज उघडण्याआधी दोन मिनिटं हे वाचा, कारण पुढे काही अडलं तर याचाच उपयोग होणार आहे. कॉम्प्युटर जेव्हा राउटर बनतो तेव्हा तो तीन कामं करतो.

पहिलं काम म्हणजे वायफायचं नाव हवेत सोडणं, म्हणजे मोबाईलच्या यादीत तुमच्या नेटवर्कचं नाव दिसतं. दुसरं, जो कोणी बरोबर पासवर्ड टाकून आत येईल त्याला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांचा पत्ता, देणं, याला डीएचसीपी म्हणतात. आणि तिसरं, त्या मोबाईलने मागितलेली वेबसाईट केबलच्या बाजूने मागवणं आणि आलेलं उत्तर बरोबर त्याच मोबाईलला परत देणं, याला नॅट म्हणतात. बाहेरच्या जगाला फक्त तुमचा कॉम्प्युटर दिसतो, त्याच्या मागे एक मोबाईल आहे की पाच, ते बाहेर कळायची गरजच नसते.

नाव, पत्ता आणि ने-आण, बस एवढंच. नेट चालत नाही असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा या तिघांपैकी कुठलं काम अडलंय हे शोधलं की अर्धं काम झालं, आणि ते न शोधता दहा सेटिंग्ज बदलत बसलं की जे नीट होतं तेही बिघडतं.

आधी हे बघून घ्या

कॉम्प्युटरमध्ये वायफायचं हार्डवेअर असायलाच हवं. लॅपटॉपमध्ये ते असतंच, डेस्कटॉपमध्ये मात्र बऱ्याचदा नसतं, आणि नवीन लोक इथेच अडकतात कारण कॉम्प्युटरवर नेट चालतंय म्हणजे वायफाय असणारच असं त्यांना वाटतं. केबलचं पोर्ट वेगळं आणि वायफायचं कार्ड वेगळं. तपासायचं सोपं आहे, स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स ही ओळ उघडा. तिथे वायफाय, वायरलेस किंवा ८०२.११ असं काही लिहिलेली नोंद दिसली तर कार्ड आहे. फक्त इथरनेट, गिगाबिट किंवा पीसीआयई जीबीई असलंच काही दिसत असेल तर वायफाय नाही, किंवा आहे पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते हार्डवेअर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, टाकलेला नाही. ड्रायव्हर नसेल तर त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेची एखादी अनोळखी नोंद दिसते.

वायफाय नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल मिळतो तो चालतो. घेताना दोन गोष्टी बघा, तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालतो का आणि तुमच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर उपलब्ध आहे का. लिनक्स वापरत असाल तर दुसरा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट, कॉम्प्युटरवर केबलने नेट खरंच चालू आहे ना ते बघा. वायफाय ज्या नेटवर्कला जोडलेलं असेल त्यापासून तोडा, पण वायफाय बंद करू नका, आणि मग एखादी वेबसाईट उघडून बघा. हे सांगायचं कारण की कधीकधी केबल सैल असते, नेट खरं वायफायवरून चालू असतं आणि माणूस तासभर केबलचं नेट शेअर करायचा प्रयत्न करत बसतो.

आणि तिसरी गोष्ट परवानगीची. केबल तुमच्या स्वतःच्या कनेक्शनची असेल तर प्रश्न नाही. ऑफिस, कॉलेज, होस्टेल अशा ठिकाणच्या नेटवर्कवर असं परस्पर हॉटस्पॉट चालू करणं बऱ्याचदा नियमात बसत नाही, आणि तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्यांना ते दिसू शकतं. आधी विचारा. ऑफिसच्या लॅपटॉपवर हा पर्याय मुद्दाम बंदही केलेला असतो, तसं असेल तर आडवाटेने चालू करायच्या भानगडीत पडू नका.

विंडोज १० आणि ११ वर

विंडोजमध्ये इंटरनेट शेअर करायची सोय खूप जुनी आहे, १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून. पण तेव्हा ते एका केबलवरून दुसऱ्या केबलवर द्यायचं प्रकरण होतं. एका बटणात केबलचं नेट वायफायवर देता येणं हे विंडोज १० मध्ये आलं, तेही २०१६ च्या मोठ्या अपडेटनंतर. आता पायऱ्या अशा.

पायरी १. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आय एकदम दाबा, सेटिंग्ज उघडेल. नेटवर्क अँड इंटरनेट मध्ये जा आणि तिथे मोबाईल हॉटस्पॉट वर क्लिक करा. नावात मोबाईल आहे म्हणून गोंधळू नका, कॉम्प्युटरमध्ये सिमकार्ड असायची काही गरज नाही.

पायरी २. वर शेअर माय इंटरनेट कनेक्शन फ्रॉम असा पर्याय दिसेल, त्यात इथरनेट निवडा. हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच सगळ्यात जास्त चुकते, कारण तिथे वायफाय आधीच निवडलेलं असू शकतं आणि मग मोबाईल जोडला जातो पण नेट येत नाही. इथरनेटच्या जागी तुमच्या नेटवर्कचं नाव दिसलं तरी चालेल, केबलवालंच आहे ना एवढं बघा.

पायरी ३. त्याखाली शेअर ओव्हर असेल, तिथे वायफाय ठेवा. ब्लूटूथचाही पर्याय असतो पण तो फार हळू चालतो, अगदीच दुसरा मार्ग नसेल तरच.

पायरी ४. प्रॉपर्टीज समोरच्या एडिट वर क्लिक करून नाव आणि पासवर्ड बदला. नाव इंग्रजीत, सरळ, स्पेस न देता ठेवा म्हणजे जुन्या डिव्हाइसना त्रास होत नाही. पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरांचा लागतो, ही अट विंडोजची नाही तर वायफायच्या सुरक्षा पद्धतीचीच आहे, आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरं चालतात. एक ते आठ आकडे ओळीने लिहून पासवर्ड ठेवू नका, भिंतीपलीकडचा माणूस पहिल्या प्रयत्नात तोच टाकून बघतो. तीन चार असंबद्ध शब्द आणि एखादा आकडा असं ठेवलं की लक्षातही राहतं आणि ओळखताही येत नाही.

पायरी ५. तिथेच बँड, म्हणजे २.४ की ५ गिगाहर्ट्झ, निवडायचा पर्याय असतो. नुसतं चालू करून बघायचं असेल तर एनी अव्हेलेबल ठेवा. यावर खाली थोडं सविस्तर लिहिलंय.

पायरी ६. आता वरचा स्विच ऑन करा. खाली किती डिव्हाइस जोडलेत ते दिसतं, जास्तीत जास्त ८ जोडता येतात.

विंडोजची बाजू झाली. मोबाईलवर वायफाय चालू करा, यादीत तुमचं नाव येईल, त्यावर टॅप करा, पासवर्ड टाका. मोबाईलचा डेटा एकदा बंद करून बघा म्हणजे नेट नक्की कॉम्प्युटरवरूनच येतंय याची खात्री पटेल, कारण वायफायवर नेट नसेल तर आजकालचे फोन गुपचूप डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं हॉटस्पॉट छान चाललंय.

थोड्या वेळाने आपोआप बंद होतं त्याचं काय

हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना येतो. त्याच मोबाईल हॉटस्पॉटच्या पानावर पॉवर सेव्हिंग म्हणून स्विच आहे, तो चालू असेल तर कुठलंच डिव्हाइस जोडलेलं नसताना सुमारे ५ मिनिटांनी विंडोज हॉटस्पॉट बंद करून टाकतं. म्हणजे तुम्ही फोन घेऊन बाहेर गेलात, परत आलात की नेट गायब. तो स्विच ऑफ करा.

दुसरं कारण म्हणजे झोप. कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला की हॉटस्पॉट गेलंच, ते कसंही टिकत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग पॉवर, तिथे चार्जिंगवर असताना स्लीप नेव्हर करा, स्क्रीन बंद झाली तर चालते. लॅपटॉपचं झाकण बंद केल्यावरही तो झोपतो, ते कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये बदलता येतं, पण झाकण बंद करून तासन्‌तास चालू ठेवलं तर लॅपटॉप तापतो, म्हणून मी तरी झाकण उघडंच ठेवायचा सल्ला देईन.

कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्यावर हॉटस्पॉट बंदच असतं असं धरून चला, ते हाताने परत चालू करावं लागतं. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारच्या आयकॉनवर क्लिक केलं की छोट्या चौकोनांमध्ये मोबाईल हॉटस्पॉट सापडतो, तिथून एका क्लिकमध्ये होतं.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ

२.४ लांबपर्यंत जातं, भिंती जास्त चांगल्या पार करतं, जुन्यातला जुना फोनही पकडतो, पण त्या पट्ट्यात गर्दी फार असते, आजूबाजूचे सगळे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे तिथेच. ५ वर वेग बराच जास्त मिळतो आणि गर्दी कमी, पण रेंज कमी. मोबाईल कॉम्प्युटरच्याच खोलीत वापरणार असाल तर ५ घ्या, पलीकडच्या खोलीत न्यायचा असेल तर २.४. आणि नाव यादीत दिसतच नसेल तर आधी २.४ करून बघा, कारण ज्या जुन्या डिव्हाइसमध्ये ५ ची सोयच नाही त्याला ते नाव कधीच दिसणार नाही.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कॉम्प्युटरचं वायफाय त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या वायफायला जोडलेलं असेल तर बहुतेक कार्ड हॉटस्पॉटही त्याच चॅनलवर, म्हणजे पट्ट्यातल्या त्याच भागावर, चालवतात, मग तुम्ही ५ निवडलं तरी ते मिळत नाही किंवा हॉटस्पॉट सुरूच होत नाही. केबलचं नेट शेअर करायचं असेल तेव्हा कॉम्प्युटरचं वायफाय कशालाही जोडलेलं ठेवू नका, फक्त चालू ठेवा.

अडलं तर कसं शोधायचं

आता ती नाव, पत्ता, ने-आण ही तीन कामं आठवा.

नाव दिसत नाही, किंवा स्विच ऑनच होत नाही. म्हणजे पहिलं काम अडलंय. एअरप्लेन मोड बंद आहे ना, वायफाय चालू आहे ना ते बघा, काही लॅपटॉपला बाजूला किंवा एफच्या बटणांमध्ये वायफायचं बटण असतं तेही बघा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, वरच्या व्ह्यू मेनूत शो हिडन डिव्हाइसेस करा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये मायक्रोसॉफ्ट वायफाय डायरेक्ट व्हर्च्युअल अडॅप्टर नावाची नोंद येईल. हॉटस्पॉट याच्यावरच चालतं. ती डिसेबल्ड असेल तर राइट क्लिक करून एनेबल करा. ती नोंदच नसेल तर वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून घेऊन नवा टाका, विंडोजने स्वतःहून टाकलेला साधा ड्रायव्हर कधीकधी हे काम करत नाही.

नाव दिसतं, पासवर्ड घेतो, पण आयपी पत्ता मिळवत आहे असं दाखवत बसतो. म्हणजे दुसरं काम अडलंय. फोनमध्ये त्या वायफायच्या नावावर टॅप करून माहिती उघडा आणि आयपी पत्ता वाचा. विंडोजच्या हॉटस्पॉटवर तो १९२.१६८.१३७ ने सुरू व्हायला हवा, कारण विंडोज स्वतःकडे १९२.१६८.१३७.१ ठेवतं आणि बाकीच्यांना पुढचे आकडे देतं. त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की फोनला कोणी पत्ता दिलाच नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला. यामागे बहुतेक वेळा वेगळा टाकलेला अँटीव्हायरस किंवा त्याचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणारी सोय, असतो. तो दोन मिनिटं बंद करून फोन परत जोडून बघा, चाललं तर कारण सापडलं, मग फायरवॉल लगेच परत चालू करा आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये या नेटवर्कला परवानगी द्या. फायरवॉल कायमचा बंद ठेवून नेट वापरणं हा उपाय नाही.

पत्ता बरोबर आहे पण कनेक्टेड, नो इंटरनेट. म्हणजे तिसरं काम. आधी पायरी २ परत बघा, इथरनेट निवडलंय ना. कॉम्प्युटरवर व्हीपीएन, म्हणजे सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय, चालू असेल तर तो बंद करून बघा, व्हीपीएन आणि शेअरिंग यांचं बऱ्याचदा जमत नाही. मग फोनच्या ब्राउझरमध्ये नावाऐवजी नुसता आकडा टाकून बघा, १.१.१.१ असा. हा पत्ता क्लाउडफ्लेअर कंपनीच्या डीएनएस सेवेचा आहे आणि ब्राउझरमध्ये टाकला की पान उघडतं. ते उघडलं पण बाकी कुठलीच वेबसाईट नावाने उघडत नाही असं झालं तर ने-आण नीट आहे, फक्त नावावरून पत्ता शोधायचं काम, म्हणजे डीएनएस, बिघडलंय. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाची सेटिंग आहे, तिथे कोणी काही भलतंच टाकून ठेवलेलं असेल तर ते ऑटोमॅटिक करा. आयफोनवर वायफायच्या माहितीत कॉन्फिगर डीएनएस मध्ये मॅन्युअल करून ८.८.८.८ टाकून बघता येतं.

आणि फोनची तारीख बघा. बरेच दिवस बंद पडलेला टॅब काढला की त्याची तारीख कधीकधी कुठल्या कुठे गेलेली असते, मग सुरक्षित वेबसाईट उघडतच नाहीत आणि दोष हॉटस्पॉटला दिला जातो. माझा एक पूर्ण दिवस यात गेलाय, सगळे ड्रायव्हर बदलून झाले, शेवटी टॅबचं घड्याळ बघितलं तर ते कित्येक वर्षं मागे होतं.

सगळं करून झालं तरी नाही चाललं तर शेअरिंग एकदा उघडझाप करा. विंडोज बटण आणि आर दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एनसीपीए डॉट सीपीएल असं टाईप करून एंटर मारा, सगळी नेटवर्क कनेक्शन्स दिसतील. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग हा टॅब. तिथे टिक असेल तर काढा, ओके करा, मग हॉटस्पॉट बंद करून परत चालू करा. याच खिडकीत ब्रिज कनेक्शन्स असाही पर्याय दिसतो, त्याच्या वाटेला जाऊ नका, तो वेगळा प्रकार आहे आणि वायफायबरोबर बहुतेक वेळा चालत नाही, उलट केबलचं चालू नेटही बंद पडतं.

नेटवर्क रीसेट हे बटण अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवा. त्याने सगळे अडॅप्टर काढून परत टाकले जातात, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, साठवलेले वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन परत सेट करावा लागतो.

युजरनेम पासवर्ड टाकून डायल करावं लागत असेल तर

काही कनेक्शन असे असतात की केबल लावली तरी नेट येत नाही, कॉम्प्युटरवर ब्रॉडबँड कनेक्शन नावाच्या आयकॉनवर क्लिक करून युजरनेम पासवर्ड टाकून कनेक्ट करावं लागतं. याला पीपीपीओई म्हणतात. इथे मोबाईल हॉटस्पॉटच्या पानावर कॉम्प्युटरला कनेक्शनच नाही असा मेसेज येऊ शकतो, नेट चालू असूनसुद्धा. आधी डायल करून कनेक्ट व्हा आणि मग ते पान उघडा, कधीकधी त्या यादीत ब्रॉडबँड कनेक्शनचं नाव येतं, आलं तर तेच निवडा, इथरनेट नाही, कारण खरं नेट त्या डायल केलेल्या कनेक्शनमध्ये आहे.

नाही आलं तर खाली विंडोज ७ साठी दिलेली कमांडची पद्धत वापरून वायफाय सुरू करा आणि मग एनसीपीए डॉट सीपीएलच्या खिडकीत ब्रॉडबँड कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग टॅबवर टिक करा. खाली कुठल्या कनेक्शनला द्यायचं ते विचारेल, तिथे लोकल एरिया कनेक्शन, स्टार आणि पुढे एक आकडा असं नाव असलेलं निवडा, तेच तुमचं हॉटस्पॉट.

जुनं विंडोज ७ असेल तर

विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, त्यामुळे शक्य असेल तर ते नेटवर ठेवूच नका. तरी जुन्या मशीनवर करायचंच असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. सगळं इंग्रजीत टाईप करायचं, मी उच्चाराने लिहितोय. आधी नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स, चार शब्द, मध्ये स्पेस, पहिला शब्द एन ई टी एस एच आणि दुसरा डब्ल्यू एल ए एन. येणाऱ्या माहितीत होस्टेड नेटवर्क सपोर्टेड च्या पुढे येस असायला हवं. मग नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट होस्टेडनेटवर्क, पुढे मोड बरोबर अलाव, एसएसआयडी बरोबर तुमच्या वायफायला द्यायचं नाव, की बरोबर तुमचा पासवर्ड, यात होस्टेडनेटवर्क हा एकच शब्द आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नाही. शेवटी नेटएसएच डब्ल्यूलॅन स्टार्ट होस्टेडनेटवर्क. वायफाय सुरू होतं, पण ही नाव आणि पत्त्याचीच तयारी झाली, नेट द्यायला वर सांगितलेला शेअरिंग टॅब लागतोच, बरेच जण तो विसरतात.

विंडोज १० किंवा ११ वर हीच कमांड चालवून नो आलं तर घाबरू नका. नव्या कार्डांमध्ये ही जुनी पद्धत बऱ्याचदा नसते तरी सेटिंग्जमधलं हॉटस्पॉट चालतं, कारण ते वायफाय डायरेक्ट नावाच्या वेगळ्या पद्धतीवर चालतं. फक्त कमांडची पद्धत मग त्या मशीनवर वापरता येणार नाही.

जुन्या लेखांमध्ये ॲड हॉक, म्हणजे मशीन एकमेकांना थेट जोडणारं, नेटवर्क बनवा असं लिहिलेलं सापडेल. ते करू नका, अँड्रॉइड फोन साधारणपणे ॲड हॉक नेटवर्कला जोडलेच जात नाहीत, वेळ फुकट जाईल.

मॅक

मॅकवर हे सोपं आहे. सिस्टीम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, त्यात इंटरनेट शेअरिंगच्या पुढच्या गोल आय वर क्लिक करा. शेअर युवर कनेक्शन फ्रॉम मध्ये इथरनेट, नव्या मॅकबुकला अडॅप्टरने केबल लावली असेल तर त्या अडॅप्टरचं नाव, आणि टू डिव्हाइसेस युझिंग मध्ये वायफाय. खाली वायफाय ऑप्शन्समध्ये नाव आणि पासवर्ड द्या, सुरक्षा नन ठेवू नका, आणि मग स्विच ऑन करा. स्विच ऑन केल्यावर बऱ्याच सेटिंग्ज बदलता येत नाहीत, म्हणून आधी सगळं भरून मग चालू करा. इथे फोनला १९२.१६८.२ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. वायफाय आधी चालू असायला हवं, बंद असेल तर मॅक ते चालू करायला सांगतो.

लिनक्स

उबुंटूमध्ये सेटिंग्ज, वायफाय, वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमध्ये टर्न ऑन वायफाय हॉटस्पॉट. नाव पासवर्ड द्या, झालं, केबलचं नेट ते आपोआप पुढे देतं. इथे पत्ता १०.४२.० ने सुरू होतो. पर्याय दिसत नसेल किंवा करडा असेल तर कार्डला एपी मोड, म्हणजे स्वतः वायफाय देण्याची सोय, आहे का ते बघा, टर्मिनलमध्ये आयडब्ल्यू लिस्ट या कमांडच्या उत्तरात सपोर्टेड इंटरफेस मोड्सखाली एपी लिहिलेलं हवं. नसेल तर त्या कार्डावर हे होणार नाही, दुसरा डोंगल घ्यावा लागेल.

वापरताना

केबलच्या प्लॅनला डेटाची मर्यादा असेल तर फोनला ते सांगून ठेवा, नाहीतर फोन वायफाय दिसलं की सगळे ॲप अपडेट करत सुटतो आणि फोटोंचा बॅकअप चालू करतो. अँड्रॉइडवर त्या वायफायच्या सेटिंग्जमध्ये मीटर्ड निवडा, आयफोनवर लो डेटा मोड चालू करा.

पासवर्ड अधूनमधून बदला, खास करून कोणाला तात्पुरता दिला असेल तर. पासवर्ड बदलला की जुना घेऊन कोणी परत येऊ शकत नाही, आणि हॉटस्पॉटच्या पानावर जोडलेल्या डिव्हाइसची नावंही दिसतात, अनोळखी नाव दिसलं की लगेच बदला.

एक दोन डिव्हाइससाठी ही सोय पुरेशी आहे. घरातल्या सगळ्यांचे फोन, टीव्ही, सगळंच रोज चालवायचं असेल तर सरळ वायफाय राउटर घ्या, कारण नेटसाठी कॉम्प्युटर दिवसरात्र चालू ठेवायचा म्हणजे वीज जाते आणि कॉम्प्युटर अपडेटसाठी रीस्टार्ट झाला की सगळ्यांचं नेट एकदम बंद.

आणि डेस्कटॉपला वायफायच नाही, डोंगलही नाही, नेट मात्र आत्ता फोनवर हवंय असं असेल तर केबल थेट फोनला लावता येते. यूएसबी ते इथरनेट अडॅप्टर फोनच्या चार्जिंग पोर्टला लावा, त्याला लॅनची केबल जोडा आणि मोबाईल डेटा, वायफाय दोन्ही बंद करा. बरेचसे अँड्रॉइड फोन आणि टाईप सी पोर्टवाले आयफोन ते ओळखतात आणि सेटिंग्जमध्ये इथरनेट असं वेगळं कनेक्शन दिसायला लागतं. वरच्यासारखं पीपीपीओईचं डायल करावं लागणारं कनेक्शन असेल तर मात्र हा मार्ग बहुतेक फोनवर चालत नाही, तिथे डोंगल किंवा राउटरच लागेल.